मदत हवी आहे: गुणगुणत वाजवलेला फ्लूट स्टेजवर माइकमध्ये नीट कसा पकडायचा?

जेथ्रो टल या रॉक बँडच्या 'क्युरियस रुमिनंट' अल्बमनंतर (2025) त्यांचे गायक-फ्लूटवादक इयन अँडरसन यांच्या धाटणीची, फुंकता फुंकता गुणगुणण्याची सुरावट बसवतोय. सी फ्लूट (नेहमीचा कॉन्सर्ट फ्लूट), गुणगुणणारा पुरुषाचा आवाज, फ्लूटच्या एक सप्तक खाली. डायनॅमिक माइक ओठांसमोर धरला की फुंकेचे फटके बसतात. फोम लावला, फटके कमी झाले, पण त्या आवाजातला सुंदर खरखरीतपणाही गेला. लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) 250 हर्ट्झवर नेला तर फ्लूट शाबूत राहतो (त्याचा सर्वांत खालचा सूर सी, 262 हर्ट्झ), पण गुणगुणणं 130 पासून सुरू होतं, तेच कापलं जातं. माइक नाकाच्या उंचीवर नेला तर ड्रम्स घुसतात, मॉनिटर (स्टेजवरचा स्पीकर) शिट्टी मारतो. ड्रम्स हलवता येत नाहीत, त्यामुळे कंडेन्सर (जास्त संवेदनशील माइक) नको. लो-कट 100 वरच ठेवून माइक ओठांपासून किती अंतरावर, कोणत्या कोनात लावावा?