महिनाअखेरच्या सहली (तुमचे अनुभव लिहा)

लालबागची_लेक
रविवारी माळा आवरताना फिरकीचा तांब्या सापडला. पितळी, पोचे पडलेला. आटे झिजून पाणी गळायचं म्हणून आई झाकणाखाली जुन्या साडीची चिंधी लावायची, तिचा एक धागा अजून आट्यांत अडकलाय. चिंधी लावूनही गळायचंच. तांब्या धरायचं काम माझं, त्यामुळे दर सहलीत माझा फ्रॉक पुढून ओला.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत. आबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. पहिले महिने ‘आज मिटेल, उद्या मिटेल’ यात गेले, मग आईच्या बांगड्या गेल्या. रविवारी दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं समोरासमोर बसली की भांडणं ठरलेली, म्हणून आबा सगळ्यांना बाहेर काढायचे. लालबाग ते राणीबाग चालत. चपात्या, लसणाची चटणी, कांदा तिथे बुक्कीने फोडायचा. येताना धाकट्याचे पाय दुखले तरच बस. त्याचे पाय स्टॉप दिसल्याशिवाय दुखायचे नाहीत.

मला मधेच घारापुरीचं खूळ लागलं. वर्गातली एक जाऊन आली होती. चौघांचं लाँचचं भाडं कुठून आणणार? आबांनी मला म्युझियमजवळच्या दगडी हत्तीसमोर नेऊन उभं केलं. “हा घारापुरीचा. ह्याच्यावरनंच फिरंग्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. इंग्रज विलायतेला न्यायला गेले, क्रेन तुटली, ह्याचे तुकडे झाले. ते जोडून इथे ठेवलाय. हत्ती इकडे आलाय, आता तिकडे काय बघायचंय?” दुसऱ्या दिवशी मी शाळेत घारापुरी बघून आले म्हणून सांगितलं!

लिहा तुमच्याही.

खारी_बटर
फिरकीचा तांब्या!! आमच्याकडेही आहे पण फिरकी घट्ट बसलीय, 2 वर्षं उघडलेली नाही. आत काय असेल देव जाणे

पेठेतला_आगाऊ
सिंहगड. स्वारगेटहून 50 नंबर, आतकरवाडीला उतरायचं आणि पायवाटेने वर. आम्ही पाच जण, हॉस्टेलवर राहायचो, मनीऑर्डर यायला चार दिवस. वर गेल्यावर सगळ्यांचे मिळून जे निघाले त्यात एक प्लेट कांदाभजी आणि एक मडकं दही. दही पाच जणांत कसं वाटायचं यावर तह झाला, प्रत्येकी तीन चमचे. चौथा चमचा घेणाऱ्याचं नाव आजही ग्रुपवर निघतं. उतरताना रेंगाळलो, शेवटची बस गेली. दुधाच्या टेम्पोत रिकाम्या किटल्यांमधे बसून आलो. खडकवासल्यापर्यंत बोललेलं काही ऐकू येत नव्हतं.

नदीकाठची
@खारी_बटर उकळत्या पाण्यात फक्त झाकणाचा भाग धरा मिनिटभर, मग फडक्याने पकडून फिरवा. पक्कड लावू नका, आटे जातील.

हां, सहल. आमची एसटीची. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना फुकटच. नवऱ्याची कंपनी तेव्हा पगार हप्त्याहप्त्याने देत होती. तरी आम्ही दोघी महिन्यातून एकदा कोल्हापूरहून नरसोबाच्या वाडीला. दत्ताचं दर्शन, घाटावर बसून दशमी, आणि येताना कवठाची बर्फी पाव किलो, तेवढी चैन. एकदा हट्टाने खिद्रापूर केलं. गाड्या कमी, स्टँडवर दीड तास बसलो. पण तिथल्या देवळाच्या स्वर्गमंडपाखाली वरच्या गोल उघड्या छतातून ऊन नेमकं खाली पडलं होतं, सासूबाई त्या उन्हात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, गुडघे शेकून घेते जरा.

नवरा म्हणतो मलाही न्या. त्याला नेलं की सहल महाग पडते.

खारी_बटर
नवऱ्याला छतावर बसवा :)

मु_पो_चिकलठाणा
वेरूळ. वडिलांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. पाच वर्षं आज जाऊ उद्या जाऊ, शेवटी ओव्हरटाइमचे चार पैसे आले आणि एका मंगळवारी निघालो. आजीसकट सात माणसं. गेटवर कुलूप. वेरूळ मंगळवारी बंद असतं हे घरात कोणालाच माहीत नाही! वडील वॉचमनशी असं बोलत होते की जणू त्यानेच लेणी कोरलीत आणि दाखवायला नको म्हणतोय. मग घृष्णेश्वर, झाडाखाली डबा, परत. आजी मात्र खूश, तिला देवळाशीच मतलब होता.

पेठेतला_आगाऊ
अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. आमच्या गाइडने बाराखडीसारखं पाठ करून घेतलं होतं.

अबोली_27
तुम्ही सगळे हसताय, छान आहे. मला तेव्हा नुसती लाज वाटायची. चौथीत शाळेची सहल शिवनेरीला होती, पैसे भरले नाहीत. आई चार घरी पोळ्या करायची. त्या दिवशी तिने दोन घरी खाडा केला आणि मला पेशवे पार्कात फुलराणीत बसवायला नेलं. तिकीट एकच काढलं. मी गाडीत, ती जाळीपाशी माझी चप्पल हातात घेऊन, कारण अंगठा तुटला होता. मी तिच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी सहलीला न आलेल्यांना हात वर करायला लावले. कशासाठी ते आजही कळलेलं नाही.

लालबागची_लेक
@अबोली_27 आई आहेत का अजून?

अबोली_27
आहे. शेजारी बसून मालिका बघतेय. विचारलं, तर म्हणते कसली चप्पल?

सुशेगाद_नाही
गोव्यात फेरीबोटीत चालत जाणाऱ्याला तिकीट नाही हे बाहेरच्यांना माहीत नसतं. कोविडनंतर ह्यांचं हॉटेलातलं काम गेलं होतं. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून सरळ खाली धक्क्यावर, तिथून दिवाडी. पाव आणि घरची पातळ भाजी स्टीलच्या डब्यात. दिवाडीला पिएदादच्या टेकडीवर चढलो, नदीपलीकडे जुन्या गोव्याच्या इगर्जी (चर्चं) दिसतात. पोरांना मात्र टेकडीचं काही नाही, त्यांना बोटच हवी. तीन वेळा ये-जा केली. चौथ्यांदा बोटीवरचा माणूस म्हणाला, बाय, ह्यांना नोकरीलाच ठेव इथे. (भाजी सांडली ती वेगळी गोष्ट.)

सॉरी कुकर झाला, येते

पेठेतला_आगाऊ
पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची ना? रेसिपी द्या

खारी_बटर
उघडला!!! धन्यवाद @नदीकाठची. आत एक चमचा आणि पंचवीस पैसे

पेठेतला_आगाऊ
चला, पुढच्या सहलीचे पैसे निघाले.

लालबागची_लेक
एवढं वाचून राहवेना. उद्याची रजा टाकलीये. लेकीला आणि तांब्याला घेऊन राणीबाग, हत्तीसमोर फोटो काढून इथे टाकते.

मु_पो_चिकलठाणा
ताई, उद्या बुधवार. राणीबाग बंद.