अनुभव धागा : घर, कर्ज आणि गोव्यातले कागद

पुतण्याचं लग्न ठरलंय आणि त्याला पर्वरीत फ्लॅट घ्यायचाय. चवथीला आला, गणपतीवरची माटोळी बांधून झाली, आणि हात धुता धुता मोबाईल पुढे केला. तीन बँकांचे व्याजदर. "काकू, कुठली घेऊ?" मी विचारलं, ज्या जागेवर इमारत उभी राहतेय तिची सनद, म्हणजे शेतजमीन बांधकामाला वापरायचा सरकारी परवाना, पाहिलीस का? एक-चौदाच्या, म्हणजे आपल्या गोव्यातल्या सातबाराच्या, उताऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत? तो गप्प. दर त्याला तोंडपाठ होते, जागेचा एक कागद पाहिला नव्हता.

त्याला दोष देत नाही. २००४ साली म्हापशात घर घेताना मीही तशीच होते. अधिकारी बोट ठेवायचे, मी सही करायची. चाळीसेक सह्या केल्या, वाचलं एकही पान नाही. सहा वर्षांनी शेजारणीने कर्ज काढलं तेव्हा कळलं की त्याच बँकेत तिला साडेआठ टक्के आणि मला अकरा. माझा दर बँकेच्या स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटला बांधलेला होता. तो वाढताना भराभर वाढला, उतरताना जुन्या गिऱ्हाइकांची आठवण कोणाला राहिली नाही. अर्ज करून आणि फी भरून दर बदलून घेतला. तोवर गेलेलं गेलं.

म्हणून हा धागा. गोव्यात ज्यांनी घरासाठी कर्ज घेतलं, फेडलं, किंवा ज्यांना नाकारलं गेलं, त्यांनी लिहा. आकडे लिहा, कागदांची नावं लिहा. बँकेचं नाव नको.

वास्कोहून

वेर्ण्याला औषध कंपनीत नोकरी. सप्टेंबर २०२१ मध्ये ३० लाख घेतले, २० वर्षं, ६.७ टक्के, हप्ता २२,७०० च्या आसपास. कर्ज रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला, जोडलेलं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग (बदलत्या दराची) गृहकर्जं अशा बाहेरच्या दराला जोडावी लागतात, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ माहीत नव्हता.

मे २०२२ मध्ये रेपो ४ टक्क्यांवरून चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ ला ६.५ वर पोचला. माझा दर ९.२ झाला. हप्ता मात्र तोच, म्हणून मी निवांत. एका रविवारी स्टेटमेंट काढलं. त्या महिन्याच्या २२,७०० पैकी व्याजात गेले २२,२०० आणि मुद्दलात गेले पाचशे. आधी वाटलं छापताना चूक झाली असेल. मग कागद-पेन घेऊन बसलो. २९ लाख शिल्लक, ९.२ टक्के, हाच हप्ता, तर कर्ज फिटायला आणखी चाळीस वर्षांहून जास्त लागणार होती. मी तेव्हा ३६ वर्षांचा.

शाखेत गेलो. मूळ मुदतीत संपवायचं तर हप्ता २७,२०० करावा लागेल म्हणाले. केला. महिन्याला साडेचार हजार ज्यादा. गाडी घ्यायची होती, ती राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारायचं. तो आधी असता तर माझं मुद्दल इतके महिने अडून राहिलं नसतं. २०२५ मध्ये रेपो उतरला, वर्षअखेरीस ५.२५ वर आला. मी हप्ता कमी करून घेतला नाही. २७,२०० च भरतोय, मुदत आपोआप खाली येतेय. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जात वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी पैसे भरले तर दंड लागत नाही, म्हणून प्रत्येक बोनसला थोडे टाकतो.

फोंडा तालुका, मडकईकडून

आमचं प्रकरण जमिनीचं, आणि ते मी सविस्तर लिहिणार आहे, कारण घराघरात हेच आहे.

आजोबांच्या जागेत जुनं घर. ते पाडून नवं बांधायचं होतं. माझा पगार चांगला, सिबिल स्कोर (कर्जफेडीच्या सवयीचे गुण) ७९०. वाटलं, महिन्याभरात काम होईल. बँकेच्या पॅनलवरच्या वकिलांनी एक-चौदाचा उतारा बघितला आणि चष्मा काढून ठेवला. अकरा नावं. त्यांतले सात जण वारलेले. म्हणाले, उताऱ्यावर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, मालकीचा मूळ कागद आणा.

मूळ कागद १९३८ चा, पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेला. आईच्या पेटीत दुलईखाली होता. त्यावरून जुन्या जमीन-नोंदणीतला डिस्क्रिप्शन नंबर शोधला आणि भाषांतर करून घेतलं. भाषांतर करणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले, भिंग लावून एकेक ओळ वाचत. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, चतुःसीमेत ज्या ओहोळाचा उल्लेख होता तो आज आमच्या वाड्यावरचा नाला आहे. लहानपणी आम्ही त्यात होड्या सोडायचो.

मग वारस. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवरून आलेले नियम अजून चालतात. मुलगा-मुलगी समान वारस, आणि लग्न झालं की साधारणपणे नवरा-बायको एकमेकांच्या मालमत्तेत निम्मे भागीदार. म्हणजे आत्याची सही हवी आणि आत्याच्या यजमानांचीही. माझ्या एका आतेबहिणीचे यजमान म्हणाले, मी कशाला, माझा काय संबंध? त्यांचा कायद्याने संबंध होता. शेवटी दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घेण्याचा अर्ज, घातली. सगळ्यांनी आपापसात मान्य केलं, काहींना पैसे दिले, आणि घराची जागा माझ्या वाट्याला आली. तीन वर्षं आणि चार महिने.

या काळात मला बँकेचा फार राग आला होता. आज नाही. ती अकरा नावं बँकेने निर्माण केली नव्हती. आम्हीच तीन पिढ्या कोणी उठून ते काम केलं नाही. सनद, पंचायतीचा बांधकाम परवाना हे सगळं त्यापुढे सोपं गेलं.

बायको नोकरी करत नाही, तरी कर्जाच्या प्रत्येक कागदावर तिची सही घेतली. ती म्हणाली, "पगार तुझा आणि गहाण माझं पण?" मी म्हटलं, घरही तुझं पण.

मडगावहून, टेबलाच्या पलीकडून

३१ वर्षं कर्ज विभागात काढली, आता निवृत्त. मडकईकरांचं वाचून लिहावंसं वाटलं.

कर्ज देणारा दोनच प्रश्न विचारतो. हा माणूस फेडेल का? नाही फेडलं तर ही वस्तू विकून पैसे सुटतील का? पहिल्याचं उत्तर पगाराच्या स्लिपा आणि सिबिल देतात, दोन दिवसांत कळतं. गोव्यात सगळा वेळ दुसऱ्याला लागतो. बँक तुमच्या जमिनीचे मूळ दस्तऐवज ठेवून घेते. कर्जाचं तारण म्हणून ते हवाली करणं हेच कायद्याने गहाण. त्या कागदांत खोट असेल तर बँकेच्या हातात काहीच नाही. वकील छळतात असं वाटतं, पण जी खोट ते काढतात ती तुमच्याही गळ्याला लागणारी असते.

पैशांचं गणित सुरुवातीलाच मांडा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८० आणि त्यावर ७५ टक्के, ही रिझर्व्ह बँकेने घातलेली कमाल मर्यादा. फ्लॅट ६० लाखांचा तर ४८ च्या वर मिळत नाही. बारा स्वतःचे, शिवाय स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी वेगळी. बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत ५५ काढली तर टक्केवारी ५५ वर धरतात. करार करून बसलेले लोक इथे रडकुंडीला आलेले मी पाहिलेत. म्हणून बिल्डरला मोठी रक्कम देण्याआधी बँकेकडे जा. रेरा या बिल्डरांना बांधणाऱ्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार होण्यापूर्वी त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त मागताच येत नाही.

वास्कोकरांसाठी : रेपोसारख्या बाहेरच्या दराची सक्ती बँकांना आहे, हाउसिंग फायनान्स कंपन्यांना नाही. त्यांचा दर कशावर ठरतो हे करारात शोधून वाचायचं.

वास्कोहूनच, दुसरी

एक छोटं पण महागात पडलेलं. मंजुरीच्या वेळी ८५,००० चा विमा एकरकमी कर्जातच धरला. "सगळेच घेतात." साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत त्या ८५ हजारांचे मी एक लाख ७७ हजार भरणार आहे. बँकेकडूनच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती नसते, टर्म इन्शुरन्स बाहेरून घेता येतो, हे नंतर कळलं. ऑक्टोबर २०२४ पासून सही घेण्याआधी "की फॅक्ट स्टेटमेंट" (कर्जाच्या मुख्य माहितीचा कागद) द्यावं लागतं, सगळे खर्च धरून वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. तो कागद मागून घ्या आणि घरी नेऊन वाचा.

साखळीहून

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

२०१० साली खाणीवर लावायला ट्रक घेतला. १४ लाखांचं कर्ज, तारण ट्रक आणि वडिलांचं घर. तेव्हा दिवसाला चार-पाच फेऱ्या व्हायच्या, हप्ता खिशाला जाणवायचा नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये, चवथ आठवड्यावर असताना, खाणी बंद झाल्या. ट्रक अंगणात उभा राहिला. पावसात टायरांखाली गवत उगवलं.

एक हप्ता चुकला, दोन चुकले. बँकेतून फोन आला की मी उचलायचो नाही. ही माझी सर्वांत मोठी चूक. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (अनुत्पादित) होतं. मग गहाण वस्तू बँकेला ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस आली, ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरा. पोस्टमनने ती वडिलांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, घडी घालून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आणि मला संध्याकाळपर्यंत काही बोलले नाहीत.

गावातल्या एका वकिलांनी सांगितलं, नोटीस म्हणजे जप्ती नव्हे. लेखी हरकत घे, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताबा घेतलाच तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. आणि मुख्य म्हणजे, जाऊन बोल. गेलो. मॅनेजर माझ्याच वयाचे होते. म्हणाले, आधी आला असतात तर हप्ते बसवून दिले असते. ट्रक चार लाखांना गेला, बायकोचं सोनं गेलं, मेहुण्याने दोन लाख दिले आणि एकरकमी तडजोडीत खातं बंद झालं. घर वाचलं.

तडजोडीने सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा बसतो, तो मला कोणी सांगितला नव्हता. पुढे कितीतरी वर्षं साधं दुचाकीचं कर्ज मिळालं नाही. आमच्या भागातल्या काही घरांच्या ताब्याच्या नोटिसा मराठी पेपरात आल्या. ओळखीची नावं, सर्व्हे नंबर, चतुःसीमा. पूर्वेस अमुक, पश्चिमेस रस्ता. त्या रस्त्याने मी रोज जातो.

पेडण्याहून

आम्ही मुंडकार. घर आमचं, घरपट्टी वडिलांच्या नावावर, खालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. छप्पर बदलायला कर्ज मागितलं तर तीन ठिकाणी नाही म्हणाले. जमिनीशिवाय घर गहाण घेत नाहीत. १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदाराकडे खरेदीचा अर्ज करता येतो, पंचायत भागात घराभोवतीची ३०० चौरस मीटरपर्यंत जागा घेता येते. आमचा अर्ज झाला, तारखा चालू आहेत. कौलं तोवर पतसंस्थेच्या वैयक्तिक कर्जातून घातली, जास्त व्याजाने. ज्यांचा खरेदीचा अर्ज अजून राहिलाय त्यांनी कर्जाची वेळ येईपर्यंत थांबू नका.

म्हापसा, धागाकर्ती

साखळीकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. पुतण्याला तुमचा भाग मोठ्याने वाचून दाखवला. त्याने बिल्डरकडून सनद, झोनिंगचा दाखला आणि रेरा नोंदणी क्रमांक मागवलाय. सनद आली, बाकीचं "पाठवतो" म्हणालेत. ते आल्याशिवाय टोकन द्यायचं नाही असं ठरलंय.

पणजीहून

माझं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. २००९ ला आम्ही दोघांनी घेतलं होतं, शेवटची पाच वर्षं मी एकटीने भरलं. शेवटचा हप्ता भरून कागद मागितले तर म्हणाले, ते बाहेरगावच्या गोदामात आहेत, दोन-तीन महिने लागतील. मी पर्समधून छापील कागद काढला. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा नियम, पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. कर्जदार वारला तर वारसांना कागद कसे द्यायचे, याचीही पद्धत त्यांनी ठरवून ठेवायची असते. सव्विसाव्या दिवशी फोन आला.

कर्ज घेताना त्यांनी कागद मिळाल्याची पोच दिली होती, ती ह्यांनी फाइलला टाचून ठेवलेली. तिच्याशी ताडून एकेक कागद मोजून घेतला. सतरा. बाहेर रिक्षात बसेपर्यंत धीर निघाला नाही, तिथेच बाकावर विक्रीखत उघडलं. प्रत्येक पानाच्या खाली ह्यांची सही. पाचव्या पानावरची शाई थोडी पसरली आहे. नोंदणीच्या दिवशी धो धो पाऊस होता आणि ह्यांनी छत्री माझ्यावर धरली होती.

ना-हरकत दाखला मिळालाय. सेरसाय या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतला बोजा उतरला की नाही ते सोमवारी जाऊन बघते.