टेक्निकल डेट: ऋण, उसनवारी की कर्ज?

टीमची कामाची नियमावली मराठीत लिहायला घेतली आहे. 'टेक्निकल डेट'वर अडलो, म्हणजे सॉफ्टवेअरचा कोड आत्ता अर्धवट जमवून पुढे ढकललेलं दुरुस्तीचं काम. 'तांत्रिक ऋण' चालेल का? की 'उसनवारी'?

— 'ऋण' नको. 'तुमचा ऋणी आहे' म्हणताना आपण कृतज्ञता सांगतो, आणि मातृऋण-पितृऋण तर न फिटणारी. इथे सगळा भर फेडण्यावर आहे. 'उसनवारी' शब्द गोड, पण उसनं घेतलं तेवढंच परत करायचं असतं, त्याला व्याज नाही. अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये ही उपमा वापरली ती व्याजाकडे बोट दाखवायलाच. वायकॅश हे गुंतवणुकीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर ते स्मॉलटॉक या प्रोग्रामिंगच्या भाषेत करत होते. थोडं कर्ज काढलं तर काम वेगानं पुढे जातं, मात्र कोड पुन्हा लिहून ते लवकर फेडावं. तोवर अर्धवट जमलेल्या कोडवर जाणारा प्रत्येक मिनिट म्हणजे व्याज, असं त्यांचं म्हणणं. म्हणून 'कर्ज'च. त्याच्यासोबत मुद्दल, व्याज, हप्ता, फेड हे सगळं आयतं मिळतं.

— पण आमच्याकडे घाईत खरडलेला कोड, कोड तपासायच्या पण न लिहिलेल्या टेस्ट, सगळ्यालाच 'डेट' म्हणतात. ते कुणी ठरवून घेतलेलं नसतं.

— इथे मराठी क्रियापदं फार उपयोगी पडतात. 'कर्ज काढलं' आणि 'कर्ज झालं' यांत केवढा फरक आहे! काढणाऱ्याला रक्कम माहीत असते, झालेलं मात्र नंतर कळतं. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००९ मध्ये जाणूनबुजून आणि नकळत असे भेद केले (सोबत विचारपूर्वक आणि बेफिकीर हेही), त्यातला पहिला आपण रोज एका क्रियापदात करतो. निष्काळजी कोडला ही उपमा लावणं कनिंगहॅम यांनाही मान्य नव्हतं. आजच्या समजुतीप्रमाणे कोड नीटच लिहायचा, समज वाढली की बदलायचा, हा त्यांचा अर्थ. बेफिकिरीला मी तरी कर्ज म्हणणार नाही, नुसतं 'वाईट काम' म्हणेन.

— आणि 'थकबाकी'?

— ती मुदत उलटल्यावर. या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या छोट्या टप्प्यात) फेडू म्हटलं आणि राहिलं, तर थकबाकी.

— 'तांत्रिक'ही खटकतं. 'तांत्रिक कारणास्तव' म्हटलं की काहीतरी नियमावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. 'कोडवरचं कर्ज' म्हणू या.

— मग नियम असा लिहितो: 'कोडवर कर्ज झाल्यास तिकिटात (कामाच्या नोंदीत) कारण व फेडीची मुदत नोंदवावी.'

— 'झाल्यास' नको, 'काढताना' लिहा. नोंद आधी व्हायला हवी.