मदत हवी आहे: मिरजेहून एका दिवसात गोव्याचं जुनं विमान बघून परत येता येईल का? (सोबत ७३ वर्षांचे वडील)

मंडळी, थोडं लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही सांगलीचे, विश्रामबागला राहतो. माझे वडील, आप्पा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी अजून रस्त्यावरनं गाडी गेली की नुसत्या आवाजावरून सांगतात नोझल गेलाय म्हणून. त्यांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, नेव्हीत होते आणि १९७८ च्या आसपास गोव्याला दाबोळीत होते. तिथं तेव्हा सुपर कॉन्स्टेलेशन नावाची चार पंख्यांची मोठी विमानं होती, त्यांच्या इंजिनावर तात्यांचं काम. सुट्टीवर आले की दोघे भाऊ अंगणात बाजेवर बसून रात्री बारापर्यंत इंजिन एके इंजिन. तात्या म्हणायचे आमच्या एका इंजिनाला अठरा सिलिंडर, आणि आप्पा म्हणायचे थापा मारू नकोस, आमच्या लेलँडला सहा आहेत तेवढ्यात भरलेली गाडी घाट चढते, अठरा बसवणार कुठं? हा वाद मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय. तात्या शेवटी म्हणायचे, "तू चल एकदा, दाखवतो." ते एकदा काही आलंच नाही बघा. कधी आप्पांची ड्युटी, कधी आमच्या परीक्षा, मग आईचं आजारपण.

गेल्या श्रावणात तात्या गेले. नंतर ट्रंकेत एक फोटो सापडला, विमानापुढं पाच जण उभे, तात्यांच्या हातात पाना, मागं विमानाच्या शेपटीला तीन उभे पंख. आप्पांनी तो टीव्हीशेजारी लावलाय. महिन्याभरापूर्वी भाच्यानं मोबाईलवर दाखवलं की तसलंच एक विमान आता बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये बघायला ठेवलंय, कुणीही तिकीट काढून जाऊ शकतं. तेव्हापासून आप्पांचं एकच, "मला मोजून बघायचेत."

आता अडचण अशी की उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गाडीत सलग दोन तासांवर बसवत नाही, आणि मुक्कामाला अजिबात तयार नाहीत, परक्या जागी झोप लागत नाही म्हणतात (ट्रेनमध्ये मात्र ढाराढूर झोपतात). न्यायला मी एकटीच आहे, मिस्टरांना सुट्टी नाही. तर कुणी सांगली-मिरजेकडून एका दिवसात जाऊन आलंय का, तिथं चालायला किती लागतं, आणि मुख्य म्हणजे इंजिन दिसतं का हो, की सगळं पत्र्यानं झाकलेलं असतं? एवढं नेऊन नुसतं लांबून विमान बघायचं झालं तर त्यांचा हिरमोड होईल, तो मला बघवणार नाही.

अजिंक्यतारा_सातारा: ताई, गोवा कशाला, पुण्याला घोरपडीत नॅशनल वॉर मेमोरियल आहे की, कारगिलच्या लढाईतलं मिग-२३ तिथं ठेवलंय. १९९८ साली लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं स्मारक आहे. सकाळी निघून संध्याकाळी घरी, रस्ता पण चांगला. माझ्या वडिलांना नेलं होतं, ते फौजेतले, बराच वेळ हात जोडून उभे होते.

धागाकर्ती: दादा, स्मारक बघायला नक्की जाईन. पण मिग जेट आहे ना, त्याला सिलिंडरच नाहीत, आप्पांना सांगितलं तर म्हणाले ते वेगळं मशीन.

पूर्वकिनारा: विशाखापट्टणमला बीचवर टीयू-१४२ आहे, २०१७ ला निवृत्त झालं आणि त्याच वर्षी त्याचं म्युझियम केलं. तिथं थेट विमानाच्या पोटात शिरून बघता येतं. तुमच्या तात्यांशी त्याचं नातं पण आहे. नेव्हीची ३१२ नंबरची स्क्वाड्रन १९७६ मध्ये सुपर कॉन्स्टेलेशनवर सुरू झाली आणि पुढं त्याच स्क्वाड्रनकडं टीयू आली. पण सांगलीहून एका दिवसाचं काम नाही, आणि त्याचं इंजिन टर्बोप्रॉप, म्हणजे सिलिंडर तिथंही नाहीत. आप्पांना गोव्यालाच न्या.

लोंढा_जंक्शन: रस्त्यानं अजिबात जाऊ नका. आंबोलीमार्गे सहा-सात तास एका बाजूला, त्यात घाटाची वळणं, गुडघ्याला झेपायचं नाही. तुमच्यासाठी गोवा एक्सप्रेस आहे. मिरजेला रात्री उशिरा येते आणि सकाळी वास्कोला सोडते, आप्पा झोपेतच पोचतील. परतीची वास्कोहून दुपारी तीनच्या सुमारास सुटते आणि रात्री मिरजेत. म्हणजे मुक्काम नाही, हॉटेल नाही. (वेळा बुकिंग करताना बघून घ्या, बदलत असतात.) खालचा बर्थ मागा. येताना दूधसागर उजेडात दिसतो, आणि कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंत चढ इतका आहे, ३७ फुटाला १ फूट, की मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. मेकॅनिक माणूस आहे, खिडकीशी बसवा, विमानाइतकंच हे पण आवडेल त्यांना.

वास्कोवाला: सोमवार सोडून या, सोमवारी म्युझियम बंद. उघडतं साडेनऊला, त्यामुळं सकाळी घाई करू नका, वास्कोत पातळ भाजी-पाव खा, मग रिक्षा किंवा टॅक्सीनं जा, लांब नाही. विमानं सगळी उघड्यावर आहेत, विक्रांतवरची सी हॉक आणि अलिझे पण आहेत, सी हॅरियर आहे. ऊन मात्र डोक्यावर, टोपी आणि पाणी घ्या. आत बिल्डिंगमध्ये इंजिनं वगैरे मांडलीत ती पण दाखवा. मधे मधे बसवत न्या, आपल्याला परत जायची घाई दुपारपर्यंत नाहीये.

स्टार_डेल्टा: इंजिनाचं मी सांगतो, कारण तुमच्या आप्पांचा प्रश्न मला फार आवडला. राइट कंपनीचं रेडियल इंजिन, अठराच सिलिंडर, तात्या खरं बोलत होते. पण ते बसमधल्यासारखे एका ओळीत नसतात, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले असतात, नऊ पुढं आणि नऊ मागं. अठरा बसवणार कुठं याचं उत्तर हे. समोरून काऊलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या गोल पत्र्याच्या झाकणाच्या, तोंडात बघितलं तर पुढची नऊच नीट दिसतात, मागची नऊ पुढच्यांच्या फटीत बसवलेली असतात, म्हणजे दोन्हीला वारा लागतो. हे आधी समजावून न्या, नाहीतर नऊ मोजून परत येतील आणि तात्या बिचारे खोटे ठरतील. अजून एक, लेलँडचं इंजिन सहा-साडेसहा लिटरचं, हे एकेक जवळजवळ ५५ लिटरचं, तीन हजारावर हॉर्सपॉवर, आणि सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गॅसवर तीन टर्बाइन फिरवून ती ताकद परत क्रँकशाफ्टला दिलेली असते. विमान उंच पायांवर आहे कारण पंखे मोठे, त्यामुळं इंजिन डोक्याच्या बरंच वर राहील. दुर्बीण न्या, आणि आत अंधार असतो म्हणून बॅटरी पण.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आप्पांना सगळं वाचून दाखवलं. आऱ्यांचं ऐकल्यावर उठले, माझ्या मुलीची वही घेतली आणि गोल काढून नऊ रेघा मारल्या, मग त्यांच्या मधे मधे अजून नऊ. बराच वेळ बघत बसले. मग एवढंच म्हणाले, "तात्यानं हे असं काढून दाखवलं असतं तर मी तेव्हाच मानलं असतं." रात्री जेवले पण नाहीत नीट. मी काही बोलले नाही.

बुकिंग झालंय, पुढच्या बुधवारी रात्री मिरजेहून, गुरुवारी परत, दोन्हीकडं खालचा बर्थ मिळाला. वास्कोवाले दादा, रिक्षावाला किती घेतो तेवढं फक्त सांगा, आणि तिथं फोटो काढायला वेगळे पैसे लागतात का ते पण. तात्यांचा तो फोटो आप्पा बरोबर घेणार आहेत, त्याच जागी उभं राहून एक काढायचाय म्हणतात. दुर्बीण भाच्याकडून आणली. बॅटरीत नवे सेल आप्पांनी आज सकाळी स्वतः जाऊन आणून घातले.