बोतेरो यांच्या ‘मातृत्वा’चा चेहरा इतका निर्विकार का?

प्रश्न:
स्पेनमधील ओव्हिएदो शहराच्या एस्कांदालेरा चौकात फर्नांदो बोतेरो या कोलंबियन शिल्पकाराचे ‘मातृत्व’ हे कांस्यशिल्प १९९६ पासून आहे. बसलेली अवाढव्य स्त्री आणि तिच्या गुडघ्यावर मूल. पण चेहऱ्यावर भाव जवळजवळ नाहीत. गावकरी तिला ‘ला गोर्दा’, म्हणजे ‘जाडी’, म्हणतात. मायेचा ओलावा येथे मुद्दाम टाळला आहे का?

प्रतिसाद १:
होय, मला तरी तो मुद्दामच टाळलेला वाटतो. १९५०च्या दशकात बोतेरो फ्लॉरेन्सला राहिले आणि जोत्तो, पिएरो देल्ला फ्रांचेस्का या जुन्या इटालियन चित्रकारांच्या जड, स्थिर मानवाकृतींनी त्यांच्यावर खोल संस्कार केला. आपण जाड माणसे घडवत नसून आकाराच्या घनतेचा शोध घेत आहोत, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. या शिल्पातील आईचे हसू ठळक केले असते, तर पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावरच अडली असती. ते नसल्यामुळे ती खांद्यावरून, पोटावरून, मांड्यांवरून फिरत त्या मुलापाशी येते आणि आईचा देहच मुलाचे आसन झाला आहे, हे उमगते. माया आहे, फक्त ती चेहऱ्यात शोधायची नाही.

प्रतिसाद २:
यात धातूचाही वाटा आहे. असे शिल्प भरीव नसते: आतल्या गाभ्यावरील मेणाच्या थराभोवती साचा बांधतात, मेण वितळवून काढतात आणि गाभा व साचा यांच्यामधील त्या फटीत तांबे व कथील यांचा तप्त रस ओततात; मग गाभा काढला की आत पोकळी आणि बाहेर धातूचे कवच राहते. गुळगुळीत, फुगीर कवचावर उजेड कुठे न अडखळता सरकतो, म्हणून हा देह आहे त्याहून भारी भासतो.

प्रतिसाद ३:
पहिल्या प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. मेदेयीन या त्यांच्या जन्मगावी बोतेरो चौकात त्यांची २३ कांस्यशिल्पे आहेत आणि तेथील घोडा व कुत्राही असेच फुगीर व निर्विकार आहेत. जो चेहरा सर्वांना दिला, तो मातृत्वाविषयी वेगळे काही सांगत नाही. ओव्हिएदोच्या शिल्पात मातृत्व आहे ते केवळ त्या भक्कम गुडघ्यात, आणि मला तेवढे पुरते.