मदत हवी आहे : व्हिएतनाममधल्या आयांना न्यूमोनियाबद्दल कसं विचारावं?

नमस्कार मंडळी. मी बालरोग नर्सिंग शिकते. तान्ह्या बाळाचा न्यूमोनिया टाळण्याबद्दल उत्तर व्हिएतनाममधल्या आयांना काय ठाऊक आहे, याची प्रश्नावली करतेय.

लसींचे प्रश्न जमले. हिबचा (न्यूमोनिया करणारा एक जीवाणू) समावेश असलेली पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस तिथे २, ३ आणि ४ महिन्यांना मोफत देतात. न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या दुसऱ्या एका जीवाणूवरची लस) मात्र बरीच वर्षं पदरचे पैसे घालूनच घ्यावी लागायची. अडलंय ते शेगडीपाशी. बाळंतिणीच्या पलंगाखाली कोळशाची शेगडी ठेवायची तिथे जुनी रीत आहे, आपल्याकडच्या शेक-शेगडीसारखीच. दारं-खिडक्या बंद, बाळ कुशीत आणि धूर खोलीतच कोंडलेला. आजी दुखावणार नाही आणि आई खरं सांगेल, असा प्रश्न कसा विचारू?

दुसरं म्हणजे, २ ते ११ महिन्यांच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असले की धोका. पण घरात श्वास कोण मोजतंय? बरगड्यांखाली छाती आत ओढली जातेय हे आईला ओळखू येतं का, हे चित्र दाखवून विचारावं की व्हिडिओ? मला व्हिडिओच बरा वाटतो.

आशाताई, अंगणवाडीताई किंवा हनोईत राहणारं कुणी असेल तर कृपया सांगा. व्हिएतनामी भाषांतर तपासून देणारं कुणी भेटलं तर फार मोठी मदत होईल.