बाहेरचं सोयाबीन आलं तर आपण नियम लावायचा की नाही?

मालवी_दाणा:
आमचं घर तीन पिढ्या इंदूरच्या छावणी मंडीजवळचं, सोयाबीनवरच वाढलो आम्ही. आजोबा दाणा दाताखाली धरून ओल सांगायचे, कट्ट वाजला तर माल कोरडा, दबला तर परत वाळवून आण. आता मशीन लावतात, ओल बारा टक्क्यांच्या वर गेली की हमीभावाच्या काट्यावर माल अडतो. आपल्या शेतकऱ्याला ही चाळणी आहेच ना, मग बाहेरच्याला का नको? भारताने १ मार्च २०२१ पासून २४ पिकांना नियम लावला, सोयाबीन आणि मका त्यातच आले, की नॉन-जीएमचं, म्हणजे जनुकीय बदल न केलेल्या वाणाचं, सर्टिफिकेट आणा, चुकून मिसळलेलं १ टक्क्यापर्यंत चालेल. अमेरिकेने यावर जागतिक व्यापार संघटनेत हरकत घेतली, म्हणे व्यापाराला अडथळा. माझं स्पष्ट मत आहे, आपण काय खायचं ते आपण ठरवणार, करारबिरार नंतर. १९९५ चा एसपीएस करार, म्हणजे खाण्यापिण्याच्या सुरक्षेचा, तोही प्रत्येक देशाला हा हक्क देतो.

पोल्ट्रीवाला_पलासिया:
काका, देतो, पण अटी घालून देतो. नियमाला शास्त्राचा आधार पाहिजे, आणि सुरक्षेचं नाव सांगून आपल्याच व्यापाऱ्याला सांभाळायचं नाही. यात आपण एकदा हरलोय. कुठल्या देशात बर्ड फ्लू निघाला की आपण तो अख्खा देश बंद करायचो, आणि आपल्याकडे एका जिल्ह्यात निघाला तर बाकीच्या जिल्ह्यांतली अंडी खुशाल विकली जायची. अमेरिकेने केस टाकली, जून २०१५ मध्ये अपिलातही निकाल आपल्या विरोधात गेला. शेवटी २०२३ मध्ये टर्की, बदक असल्या मालावरची ड्युटी कमी करून तडजोड करावी लागली.

आणि २०२१ चा पावसाळा आठवा. सोयाबीन दहा हजार रुपये क्विंटलच्या आसपास गेलं होतं, पेंडीचे भाव ऐकून रात्री झोप लागायची नाही. कोंबडी भाव उतरायची वाट बघत नाही हो, तिला सकाळी खायला लागतंच. मी शेवटी कमी वजनाचीच बॅच काढली, नुकसान सोसलं. त्या ऑगस्टमध्ये सरकारने स्वतःच १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. मार्चमध्ये धोका होता आणि ऑगस्टमध्ये नव्हता का?

मालवी_दाणा:
भिया, तुझं नुकसान मला कळतं. पण त्याच वर्षी पहिल्यांदा आमच्या गावाकडच्या माणसाच्या हातात चार पैसे आले, पेंड येणार ही बातमी आली आणि भाव बसायला लागला, त्याचं काय? आणि शास्त्राचं म्हणशील तर युरोप बघ. हार्मोन दिलेल्या जनावरांच्या मांसावर त्यांनी बंदी घातली, १९९८ मध्ये ते केस हरले, तरी बंदी उठवली नाही. अमेरिकेने १९९९ मध्ये त्यांच्या ११ कोटी ६८ लाख डॉलरच्या मालावर शंभर टक्के ड्युटी लावली, ती सोसली पण आपल्या लोकांच्या ताटातलं बदललं नाही. याला म्हणतात हिंमत.

नाशिकची_लेक:
काका, त्याच युरोपची हिंमत आम्ही भोगलीये. मी लग्न होऊन इंदूरला आले, माहेर द्राक्षवाल्यांचं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट नावाच्या औषधाचा अंश सापडला म्हणून तिकडे आपली द्राक्षं अडवली. मर्यादा इतकी बारीक की किलोत मिलिग्रॅमचा विसावा भाग. मामा वर्षानुवर्षं तेच फवारत होते, चालणार नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. माल घेणाऱ्याने पैसे थांबवले, मामांनी बँकेचं कर्ज फेडायला पुढची पाच वर्षं घातली. तरी मी नियम नको असं म्हणत नाही, कारण आता मामांच्या बागेत काय फवारलं, कधी फवारलं याची वही असते आणि त्या बागेतली द्राक्षं मी मुलांना बिनधास्त देते. माझं म्हणणं एवढंच की नियम आधी सांगा, तपासायची लॅब जवळ द्या, आणि जो नियम परदेशी पाठवायच्या मालाला तोच इथल्या बाजारातल्या मालाला लावा. एप्रिल २०२४ ला हाँगकाँगने आपल्या मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड, म्हणजे जंतू मारायला वापरतात ते घातक रसायन, सापडल्याचं सांगितलं तेव्हा मी डबा उघडून बसले होते, त्यातलाच एक मसाला रोजच्या भाजीत पडत होता. आपल्या स्वयंपाकघरातलं हाँगकाँगकडून कळावं याचा मला अजून राग येतो.

पोल्ट्रीवाला_पलासिया:
ताई, पटलं. पण काकांना एक विचारायचंय. आपल्या देशाचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यातलं सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलचं आणि तिकडचं सोयाबीन जवळपास सगळं जीएम. ते तेल आपण वर्षानुवर्षं पोह्याच्या फोडणीला घालतोय. तेल चालतं, दाणा चालत नाही. हा नियम खाणाऱ्यासाठी आहे का मंडीसाठी?

मालवी_दाणा:
दोन्हीसाठी आहे, आणि मंडीसाठी आहे हे सांगायला मला लाज नाही वाटत. तेलात दाण्यातलं प्रोटीन जवळजवळ उतरत नाही म्हणून त्याला वेगळं धरतात, हे कारण मला ठाऊक आहे. पण तुझा प्रश्न वाचून आत्ता उठून स्वयंपाकघरात गेलो, चष्मा लावून तेलाची पिशवी पुढूनमागून वाचली. कुठल्या देशाचं, जीएम का बिनजीएम, एक अक्षर नाही त्यावर. ते लिहायला लावा, मग माझा हट्ट निम्मा कमी होईल. दाण्याचं मात्र मी सोडणार नाही.